सापांची विहीर, दोन घरं डावीकडे

दोन दिवस आईकडे राहून ती घरी परतली, दारात चपला काढल्या आणि हॉलकडे बघून जागच्या जागी थिजली. मग तिने जी बोंब ठोकली, ती ऐकून खालच्या मजल्यावरचा कुत्रा पलंगाखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

बोंब ठोकायलाच हवी होती. हॉलला साधी पांढरी फरशी आणि कडेने काळी पट्टी, एवढंच ठरलं होतं. समोर मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तळघर पसरलं होतं. काळ्या भिंती, पांढरे बोळ, नऊ खोल्या आणि मधे सापांची गोल विहीर. तिचंच तळघर, महिनाभर बसून कागदावर रेखलेलं.

त्याचं असं आहे, ही बाई खेळांचे नकाशे काढते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, कोणी योद्धा होतो, कोणी चेटकीण, आणि मधे मांडलेल्या नकाशावर एकेक घर सोंगट्या सरकवत राक्षसाला शोधत फिरतात. मोठी माणसं खेळतात हो, लहान मुलं नव्हे. सासरी हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. या खेपेला पहिल्यांदाच खेळाच्या खोक्यावर तिचं नाव छापून येणार होतं. नकाशा आज पाचच्या आत पोचला तर. नाहीतर प्रकाशकाकडे दुसऱ्या कोणाचा तरी तयारच होता.

"हे कोणी केलं?"

"मी," फरशीवाला मिस्त्री अदबीने म्हणाला. "कागद बघून केलंय, ताई. आकडे टाकलेत ते फार बरं झालं, त्याच क्रमाने बसवत गेलो."

"ते खोल्यांचे नंबर आहेत! कागद दिला कोणी तुम्हाला?"

"साहेबांनी."

साहेब म्हणजे तिचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून तो दिवसभर झटतो. सोफा पॅसेजमध्ये अडकला होता आणि साहेब सोफ्यावर.

"तूच म्हणालीस, टेबलावरचा कागद मिस्त्रीला दे."

"दोन कागद होते टेबलावर!"

"हो ना. एकावर नुसत्या चार रेघा. दुसऱ्यावर एवढी मेहनत. मला वाटलं, फरशीचं तू फारच मनावर घेतलंयस."

"अकरा वर्षं! अकरा वर्षं तुझ्या नाकासमोर बसून नकाशे काढतेय मी, आणि तुला ती फरशी वाटली?"

"काळी फरशी कमी पडली तर चार खोके मी स्वतः खांद्यावरून आणले," नवरा दुखावून म्हणाला.

राग येतो तो याचाच. नुसता निष्काळजीपणा असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण या गृहस्थाने मनापासून, घाम गाळून चूक केली होती, आणि अशा माणसाला धड झापताही येत नाही.

"माझा कागद द्या इकडे. आत्ताच्या आत्ता!"

मिस्त्रीने कोपऱ्यातून एक पांढरं ढेकूळ उचलून आणलं. "काम झाल्यावर कागदाचं काय काम, ताई? त्यावर मी सिमेंट कालवलं."

"तू फोटो काढून ठेवला नव्हतास?" नवऱ्याने विचारलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सोफ्यावरून उठून उभा राहिला.

"शाई ओली होती. आल्यावर काढणार होते. मला काय माहीत, घरात तोवर हे होईल?" तिचा आवाज चिरकला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. "उद्या ही फरशी उखडायची, मिस्त्री. एकूण एक! आणि तू चढ शिडीवर. फरशी बघून सांग, मी परत काढते."

फरशी अजून ओली, पाय ठेवायची सोय नाही. शिडी दारातच लावली. नवरा वर, ती खाली कागद घेऊन.

"पाचवी ओळ. तीन काळ्या, सहा पांढऱ्या, एक काळी."

"हळू सांग! हात आहे माझा, मशीन नाही."

"अगं, सात नंबरची खोली चारी बाजूंनी बंद आहे. माणूस बाहेर कसा पडणार?"

"गुप्त दार आहे."

"कुठे?"

"सांगितलं तर गुप्त कसलं? पुढची ओळ!"

दोन ओळी झाल्या. "चार नंबरमध्ये कोण राहतं?"

"पहारेकरी."

"म्हणजे मधे सापांची विहीर, म्हणून पहारेकरी पलीकडे फिरकत नाहीत. दार तिकडेच असणार!"

त्याने बरोबर ओळखलं होतं, आणि त्याचाही तिला रागच आला. अकरा वर्षं हे डोकं ठेवलं होतं कुठे? "विहीर एवढी उजवीकडे होती का रे?"

"फरशीत तर इथेच आहे."

"मग असेल. पुढची ओळ!"

पाचला आठ मिनिटं कमी असताना नकाशाचा फोटो गेला. सव्वापाचला प्रकाशकाचा फोन आला. शाईने बरबटलेल्या बोटांनी तिने तो स्पीकरवर टाकला.

"नकाशा झकास झालाय. फक्त ती विहीर दोन घरं डावीकडे घेता येईल का?"

ती तोंड उघडणार, एवढ्यात नवऱ्याने फोन हिसकावला.

"अजिबात नाही! दोन घरं म्हणजे काय गंमत वाटली तुम्हाला? विहीर हलली की पहारेकरी मोकळे सुटले! मग त्या गुप्त दाराला अर्थ काय राहिला? महिनाभर डोकं घातलंय तिने यात. उगाच एक रेघ मारत नाही ती!"

तो लालबुंद झाला होता. मिस्त्री हळूच तिच्याजवळ सरकला.

"ताई, ते फोनवरचे बरोबर बोलताहेत. कागदावर विहीर दोन घरं डावीकडेच होती. तिथे जमिनीला उंचवटा आहे, गोल तुकडे बसेनात, म्हणून मी सरकवली."

"गप्प बसा!" ती दातओठ खात कुजबुजली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा भांडतोय तो माझ्या कामासाठी. एक शब्द बोललात तर याद राखा!"

"बरं, बरं, राहू दे आहे तिथेच," फोनवरून दबका आवाज आला. "खोक्यावर नाव कसं छापायचं तेवढं कळवायला सांगा त्यांना."

"मग ताई, उद्या उखडायला किती वाजता येऊ?" मिस्त्रीने विचारलं.

"हात तर लावून बघा फरशीला!"

नवऱ्याने फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. "बरं झालं मी घरात होतो. विहीर हलवत होता बघ तो."

"हो ना," मिस्त्रीकडे डोळे वटारत ती म्हणाली. "बस जरा. पाणी आणते."