आयनारसाठी एक मिनिट शांतता

मंगळवारी सकाळी डेल्बर्ट हाउगन गॅरेजसमोरचा बर्फ उपसत होता, तेव्हा व्हर्नाचा फोन आला. तिचा नवरा, आयनार, पहाटे गेला. डेल्बर्टने फोन खिशात ठेवला आणि उरलेला बर्फ उपसून टाकला. शेजाऱ्याच्या दारातलाही.

तो आणि आयनार चाळीस वर्षं दुलुथच्या हौशी रेडिओ क्लबात. तिथे कुणी गेलं, की रविवारी दहाच्या बैठकीत (बैठक हवेतली, माणसं आपापल्या तळघरात) एक जण त्याची रेडिओवरच्या ओळखीची, खुणेची सहा अक्षरं मोर्समध्ये शेवटची पाठवतो. मग मिनिटभर सगळे गप्प. हे काम डेल्बर्टने मागून घेतलं.

"हातानेच पाठव हं," त्याची बायको आर्डिस म्हणाली. "आयनारला तेच आवडलं असतं."

हात थरथरतो हे डेल्बर्ट थोडाच कबूल करणार! "कॉम्प्युटर चुकत नाही," तो म्हणाला.

कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टातून त्याने रेडिओला तार जोडली. पोर्टातून सिग्नल आला की रेडिओची कळ दाबली जाते आणि सगळ्यांना शिट्टी ऐकू जाते, थांबला की कळ सुटते. अगदी सोपं. (डेल्बर्ट 'सोपं' म्हणाला, की आर्डिस टॉर्च शोधून ठेवते.)

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना त्याने प्रोग्रॅम सुरू केला. त्याच क्षणी पोर्टातून सिग्नल निघाला, आणि कळ दाबली गेली ती सुटलीच नाही. पण प्रसंगाचं गांभीर्य म्हणून डेल्बर्टने आपल्या रेडिओचा आवाज आधीच बंद केला होता. दहाला त्याने बटण दाबलं. पडद्यावरून आयनारची सहा अक्षरं सरकत गेली. डेल्बर्टने टोपी काढून मान खाली घातली. एक मिनिट. मग आपल्या मनाची आणखी पंधरा.

आर्डिस फोन घेऊन खाली आली. "व्हर्ना विचारतेय, ही शिट्टी कधी थांबायची?"

"कसली शिट्टी?"

"आयनारच्या रेडिओवर वीस मिनिटं एकसारखी वाजतेय म्हणे. कुणाला तोंड उघडता येत नाहीये."

"आजच्या दिवशी? कोण आहे तो गाढव!" डेल्बर्ट बूट चढवत म्हणाला. "शोधून काढतो त्याला!"

त्याने दार उघडलं. अंगणात क्लबातले तिघं उभे होते. त्यांच्या हातात सिग्नल हुडकायचा अँटेना होता, डेल्बर्टनेच बनवलेला. त्याचं टोक डेल्बर्टच्या छातीवर रोखलेलं.

"तूच शिकवलंस ना डेल," लॉइड अवघडून म्हणाला, "काटा दाखवेल तिथे जायचं, घर कुणाचं ते बघायचं नाही."

डेल्बर्ट धावत खाली गेला आणि तार उपटली. रेडिओतून जळका वास येत होता. आर्डिसच्या हातातल्या फोनमध्ये व्हर्ना हसत होती, मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

"आयनार म्हणायचा," ती म्हणाली, "डेल्बर्ट सुरू झाला की मध्ये दुसऱ्याला जागा नाही."

"आमच्यातल्या कुणी पाठवायची का?" मागोमाग खाली आलेल्या लॉइडने विचारलं.

"नको," व्हर्ना म्हणाली. "त्यालाच पाठवू दे. हाताने."

रेडिओ दुरुस्त होऊन आला, त्यालाही आता महिना झाला. हाताचा सराव चालू आहे, असं डेल्बर्ट सांगतो. आयनारची सहा अक्षरं पाठवायची राहिली आहेत.