मत्स्यजीवन समाधानकारक

१९८१ च्या मार्च महिन्यात मोहोपाड्याच्या बाजूला असलेल्या एका रंगांच्या कारखान्यात मोरेश्वर ठोंबरे यांची नदीच्या प्रकृतीवर नेमणूक झाली. त्याआधी ते अकरा वर्षं कँटीनच्या कुपनांवर होते. सांडपाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्यात त्या पाण्याची काळजी वाहणारा एक अधिकारी असावा, असं सरकारी पत्र आलं होतं. असा माणूस कुठून आणायचा यावर साहेबलोकांत दोन बैठका झाल्या. ठोंबऱ्यांचं गाव कारखान्याच्या खाली दोन मैलांवर नदीकाठी होतं आणि लहानपणी ते नदीत पोहले होते. नदीचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता. त्यांना 'जलआरोग्य अधिकारी' असं नाव, एक टेबल आणि एक खिडकी मिळाली. खिडकी डोंगराच्या बाजूला उघडत होती.

या नेमणुकीचा आपल्याला फार आनंद झाला, हे ठोंबऱ्यांनी पुढे कधी लपवलं नाही. त्यांच्या पत्नी जयाबाई यांनी कॉलनीत पेढे वाटले आणि नवरा नदीखात्यात साहेब झाल्याचं सांगितलं. ठोंबऱ्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

मे महिन्यात जनरल मॅनेजर मुंबईहून एक काचेची पेटी घेऊन आले. पेटी फूटभर लांब, आत बोटाएवढा एक निळा-तांबडा मासा, शेपटी रेशमी पदरासारखी. फायटर जातीचा मासा होता. साहेबांनी पेटी ठोंबऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि यापुढे नदीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला या पेटीसमोर बसवायचं, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेंटरने पाटी रंगवून दिली : 'हा मासा कारखान्याच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात राहतो.'

ठोंबरे प्रामाणिक होते. पाटीवर लिहिलंय म्हणून ते स्वतः बादली घेऊन सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी गेले आणि तिथलं चार तांबे पाणी पेटीत ओतलं. मासा आडवा झाला. दहा मिनिटांत त्याचा निळा रंग राखेसारखा झाला. ठोंबऱ्यांनी कँटीनमधून चहाची गाळणी मागवली, मासा उचलून आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जगमध्ये टाकला आणि घामाघूम होऊन जनरल मॅनेजरांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाटी बदलायची तर पेंटरला पुन्हा बोलवावं लागेल," ते म्हणाले. "त्यापेक्षा पाणी बदला."

फायटर मासा टेबलावर नीट ठेवणं हे वाटतं तितकं सोपं काम नव्हे. ठोंबरे रजा टाकून मुंबईला गेले, मासेवाल्या दुकानदारासमोर वही उघडून बसले आणि सगळं लिहून आणलं. ब्लीचिंग घातलेलं नळाचं पाणी त्याला चालत नाही. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, आठवड्याला एक तृतीयांश. डासांच्या अळ्या सकाळी तीन, संध्याकाळी तीन. हा प्राणी अधाशी असतो आणि जास्त मिळालं की पोट फुगून मरतो. वर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणून पाण्याच्या वर बोटभर जागा हवी, आणि उडी मारतो म्हणून झाकणही हवं. थंडीत त्याला ऊब लागते. जंगली बदामाचं एक वाळलेलं पान पाण्यात ठेवलं तर प्रकृती खुलते. आपल्या मुलांचे आजार ठोंबऱ्यांना जयाबाईंकडून कळत, पण या माशाने दिवसातून किती वेळा पर फुलवले हे ते स्वतः वहीत लिहीत.

पाण्याचा प्रश्न मात्र सुटेना. कॉलनीच्या नळाच्या पाण्याला दोन दिवस साठवूनही वास राहायचा. ऑफिसच्या विहिरीच्या पाण्यात माशाचे पर मिटून गेले. शेवटी कारखान्याच्या मागच्या डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी त्याला मानवलं. ते आणायला गौराबाई मिळाली.

गौराबाई नदीकाठच्या कातकरवाडीची. ठोंबऱ्यांच्या आईच्या दारात ती वर्षानुवर्षं माशांची टोपली घेऊन यायची. शिवडा, मळ्या, झिंगे, कधी वाम. दोन वर्षांपासून टोपलीत विकण्याजोगं काही येत नव्हतं, म्हणून ती मिळेल त्या मजुरीवर जात होती. झरा वाडीपासून दीड तासाच्या चढणीवर होता. दर सोमवारी ती एक हंडा डोक्यावर घेऊन खाली यायची, ठोंबऱ्यांच्या टेबलाशेजारी उतरवायची, माशाकडे एकदा पाहायची आणि जायची.

अळ्यांसाठी ठोंबऱ्यांनी ऑफिसच्या मागे पाण्याचं एक पिंप उघडं ठेवलं. पण कारखान्याचं हिवताप निर्मूलनही त्यांच्याकडेच होतं. साचलेल्या पाण्याबद्दल त्यांनी स्वतःला नोटीस काढली, आठ दिवसांत तिचं समाधानकारक उत्तर दिलं आणि ते मान्य करून प्रकरण मिटवलं. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःला समज दिली.

दर तीन महिन्यांनी सरकारला अहवाल जायचा. ठोंबरे त्यात लिहीत : 'निरीक्षणाखालील मासे : एक. मृत : शून्य. मत्स्यजीवन समाधानकारक.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. नदीतले मासे निरीक्षणाखाली नव्हते, कारण नदी टेबलावर मावत नव्हती. खाली 'अभिप्राय' असा रकाना होता, पण तो अर्ध्या इंचाचा होता, आणि ठोंबऱ्यांचं अक्षर मोठं.

पुढच्या उन्हाळ्यात नदीत पांढऱ्या पोटांचे मासे वाहत आले. डवऱ्याचं पाणी, म्हणजे काठच्या वाळूत खड्डा करून काढलेलं पिण्याचं पाणी, गुलाबी येऊ लागलं. कातकरवाडीत पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. ठोंबऱ्यांचे थोरले भाऊ चांगो गावचे सरपंच होते. त्यांनी चौदा गावांच्या सह्यांचा अर्ज केला आणि पहिली सही आपली ठोकली. भावाला निरोप पाठवला, "मोरू, तुझ्यावर राग नाय. पन तू हाईस कशाला तितं, ते एकदा सांग."

ठोंबऱ्यांनी निरोप ऐकून घेतला. त्यांनी बदामाचं पान बदललं.

मुंबईहून चौकशी समिती आली, ती सोमवारी. समितीचे तिघे सभासद ठोंबऱ्यांच्या खोलीत पेटीसमोर बसले, जनरल मॅनेजर त्यांच्या मागे उभे राहिले. मासा तेजीत होता. त्याने अध्यक्षांच्या चष्म्याकडे पाहून सगळे पर फुलवले. अध्यक्षांनी पाटी वाचली, समाधानाने मान हलवली, आणि तेवढ्यात गौराबाई हंडा घेऊन दारात आली.

"सायेब, माशाचं पानी आनलंय," ती म्हणाली.

अध्यक्षांनी विचारलं, हे पाणी कुठलं. तिने डोंगराकडे बोट दाखवलं. जनरल मॅनेजर पंख्याकडे पाहू लागले. घर, कॉलनीतला ब्लॉक, धाकट्याचं कॉलेज हे सगळं ठोंबऱ्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि दारात उभ्या असलेल्या गौराबाईच्या मानेवरून ओघळणारं पाणीही त्यांना दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणी न विचारता उभे राहिले.

"कारखान्याच्या पाण्यात हा मासा जगत नाही, साहेब," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी पाहिलं. दहा मिनिटं लागली."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे," ते हळूहळू लिहीत म्हणाले, "योग्य पाणी आणि योग्य निगा मिळाली, तर या भागात मासा उत्तम जगतो."

ठोंबरे म्हणाले, हो. दुसरं काय म्हणणार होते? आपण खरं बोललो आणि कोणाचंच काही बिघडलं नाही, यामुळे त्यांना त्या दिवशी फार हलकं वाटलं. तिथेच आपल्याला संशय यायला हवा होता, असं ते पुढे म्हणत.

महिन्याभराने समितीचा निर्णय आला. नदीकाठच्या लोकांना मत्स्यजीवनाचा लाभ मिळत नसल्याची तक्रार रास्त आहे. सबब, कारखान्याने चौदाही ग्रामपंचायतींना प्रत्येकी एक पेटी व एक मासा पुरवावा. देखरेखीसाठी ठोंबऱ्यांना बढती द्यावी. जुनी पाटी दिशाभूल करणारी असल्याने काढण्यात यावी. त्यासाठी पेंटर पुन्हा आला.

ठोंबऱ्यांना वाटलं, गावं या पेट्या कारखान्याच्या दारात आणून फोडतील. पेट्या गावोगाव हार घालून उतरवून घेण्यात आल्या. पार कडावकडच्या गावांतले पाहुणे त्या बघायला आले. कोणाचा मासा जास्त तांबडा यावरून दोन ग्रामपंचायतींत बोलणं बंद झालं. तालुक्याला 'आदर्श मत्स्यग्राम' अशी ढाल ठेवली गेली. एक दिवस चांगो स्वतः मोटारसायकलवरून भावाकडे आले. नदीचा विषय निघेल म्हणून ठोंबरे तयारीत बसले होते. चांगो चिंतेत होते, आठ दिवस आमचा मासा पर फुलवत नाय, पानी तर झऱ्याचंच देतो, मग चुकतंय कुठं, असं त्यांनी विचारलं. ठोंबऱ्यांनी अळ्या कमी करायला सांगितल्या. अर्जाचं काय झालं हे दोघांनीही काढलं नाही.

पंधरा पेट्यांना झऱ्याचं पाणी पुरेना. मग झऱ्याला तारेचं कुंपण पडलं, आणि 'मत्स्यआरोग्यासाठी राखीव' अशी पाटी लागली. पाटीचा मजकूर ठोंबऱ्यांचा होता. कातकरवाडीच्या दहा बायका आता हंडे वाहत होत्या, कुंपणाचं फाटक उघडून भरायच्या आणि पेट्यांकडे न्यायच्या.

एका सोमवारी गौराबाई हंडा उतरवून लगेच गेली नाही. तिच्या नातवाचं पुरळ बरं होत नव्हतं.

"सायेब, येक इचारू? आमी खालचं पितो नि याला वरचं देतो. आमी रंगीत नाय म्हनून का?"

ठोंबऱ्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. त्या दिवशी त्यांनी 'अभिप्राय' रकान्याच्या खाली पुरवणी जोडून चार पानं लिहिली : वाडीला झऱ्याचं पाणी द्यावं, नाला बंद करावा, नदीची तपासणी व्हावी. पुरवणी वरिष्ठांकडे गेली, तिथून मुंबईला, आणि चार महिन्यांनी मंजूर होऊन आली. कातकरवाडीला पंधरावं गाव धरून एक पेटी व एक मासा देण्यात आला. ठोंबऱ्यांनीच तो पोचवला.

१९८८ साली ते निवृत्त झाले. कारखान्याने शाल दिली. ही सगळी हकीकत ते आल्यागेल्याला न लाजता सांगतात, आपला मूर्खपणा कुठे लपवत नाहीत. ऐकणारे मन लावून ऐकतात, मध्येमध्ये हळहळतात. सांगून संपलं की ठोंबरे वाट पाहतात. मग प्रत्येकजण विचारतो, तो टेबलावरचा मासा पुढे किती जगला?

चार वर्षं, ठोंबरे सांगतात. या जातीत हे फार चांगलं वय आहे. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तुम्हालाही वाटलं असेल. ठोंबरे अजून थोडा वेळ थांबतात, पण आणखी कोणाचं कोणी विचारत नाही.