हमीदाबाईंच्या पेशी

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो. हमीदाबाई त्याची पेशी ठरवतात! मला पहिल्याच भेटीत त्यांनी मेदपेशी करून टाकलं. "साठवण, भाऊ, नुसती साठवण!" मी पोट आत घेतलं, पण व्हायचा तो अपमान झालाच.

दहिवलीत आमचं घर त्यांच्या शेजारी. जन्मभर त्यांनी कडावला शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही थांबलं नाही. "आकार बघा, काम कळेल," हे त्यांचं पालुपद. "तांबड्या पेशीनं केंद्रकसुद्धा टाकून दिलं, प्राणवायूला जागा हवी म्हणून. आणि तुमच्यानं रद्दी टाकवत नाही!"

एका जागी बसतील तर शपथ! आमच्याकडे आल्या तरी अर्धा चहा ठेवून उठतात, आपल्या घरात डोकावून येतात, बसतात, पुन्हा उठतात. बघणाऱ्याला घेरी यावी. गेल्या वर्षी त्यांच्या यजमानांना, सलीमभाईंना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. तो परत चालेल, असं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. तेव्हापासून बाईंची ही धावपळ दुप्पट झाली.

परवा दूधवाला फाटकात म्हणाला, "बाय, घरवालीच्या पेशी कमी झाल्यात."

"कुठल्या?"

"तिच्याच की!"

"अरे, तांबड्या की पांढऱ्या?"

"डॉक्टर काय बोलला नाय. साध्याच असतील."

"साधी पेशी जगात नसते रे!" बाई कडाडल्या. रक्तपट्टिकांचा अख्खा धडा त्याला उभ्यानं ऐकावा लागला. दुपारी मात्र स्वतःच रिक्षा करून त्याच्या बायकोला बघून आल्या, आणि तासाभरात धापा टाकत घरी हजर.

काल चष्मा आमच्याकडे विसरून गेल्या, म्हणून मी तो द्यायला गेलो. सलीमभाई खुर्चीत, बाई खाली जमिनीवर. त्यांचं एकेक बोट धरून चमच्याभोवती वळवत होत्या. मला राहवलं नाही. "बाई, मेंदूतली चेतापेशी मेली की परत येत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"नाही येत." त्यांनी मान वर केली नाही. "पण शेजारच्या तिचं काम शिकतात. शिकवावं लागतं त्यांना. रोज, तासातासाला."

मला माझीच लाज वाटली.

चमचा खणकन पडला. सलीमभाईंचे डोळे भरले. बाईंनी चमचा उचलला, पदराला पुसला आणि पुन्हा त्यांच्या बोटांत दिला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"