सबनीस सरांच्या मतपेट्या

सबनीस सर स्वतःच्या वर्गात परवानगी मागून येत. तासाची घंटा झाली की दारात उभे राहत, हात वर करत, आणि वर्गप्रमुखाने "या" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. एका वर्षी वर्गप्रमुख तापाने घरी होता. सर अर्धा तास दारातच उभे राहिले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "आत का जात नाही?"

"सभागृहाला अध्यक्ष नाही," सर म्हणाले.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा मुळशी पेट्यातला, म्हणजे तेव्हाच्या छोट्या तालुक्यातला, वार्ताहर होतो. सरांच्या शेजारची खोली माझी. मधली भिंत कुडाची असल्याने सरांची मतं मला मुद्दाम विचारावी लागत नसत. वय चाळीस, माणूस एकटा, विषय नागरिकशास्त्र. पुस्तकात या विषयाची अकरा पानं होती आणि ती पाठ करून घ्यावीत अशी शाळेची रीत होती. सरांनी ती पानं जूनमध्येच वाचून संपवली आणि "आता शिकायला सुरुवात करू" असं जाहीर केलं.

मग वर्गात सामान येऊ लागलं. कचेरीतून जुनी मतदारयादी आली. ग्रामपंचायतीच्या नोटिसा आल्या. गोडेतेलाचे रिकामे डबे आले, त्यांना वरून चीर पाडली गेली. दुसरी सार्वत्रिक निवडणूक नुकतीच झाली होती. तीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. सरांनी तीच पद्धत उचलली.

त्या वर्षी नववीच्या वर्गप्रमुखपदासाठी दोन उमेदवार होते. बाळू हा शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांचा मुलगा. चिन्ह कंदील. चंद्रा धनगरवाड्यावरची, रोज दोन तास डोंगर उतरून येणारी. वर्गात सरांशी वाद घालणारी ती एकटीच, म्हणून सरांनीच तिचं नाव फळ्यावर लिहिलं. चिन्ह ताकाची रवी.

मतदान फळ्यामागे झालं. डबे फोडले तेव्हा चिठ्ठ्यांबरोबर जास्वंदीचं एक फूल निघालं, आणि एक अर्ज: मुलींच्या संडासाला आतून कडी लावावी. फूल बाद झालं. अर्ज दाखल करून घेतला. चंद्राला चोवीस मतं, बाळूला अठरा.

वर्गप्रमुखाने संमेलनात व्यासपीठावर बसून अहवाल वाचायचा असे. तात्यासाहेबांनी निरोप धाडला, पुन्हा मोजा. सरांनी तीनदा मोजली. चोवीस आणि अठरा. मग तात्यासाहेब स्वतः आले. मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे मी. तास चालू होता. सरांनी दारातच अडवलं.

"हात वर करा, तात्यासाहेब."

"मी बांदलेल्या शाळंत मीच हात वर करू?"

"शाळा तुम्ही बांधलीत. वर्ग नववीचा आहे."

चंद्रा वर्गप्रमुखाच्या खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "या आत. पर बोलायच्या आदी नाव सांगा."

तात्यासाहेबांना कचेऱ्यांची सवय. नाव विचारलं की ते बापाच्या नावासकट, गाव-पेट्यासकट सांगत. त्यांनी तसं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर आपण कुणाला सांगितलं ते त्यांच्या ध्यानात आलं. ते आल्या पावली परत गेले.

आठवड्याने सरांना कमिटीचं पत्र आलं: फेरनिवडणूक घ्या, नाहीतर पुढच्या जूनपासून आपली गरज नाही. सरांनी त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं, "चोवीस, अठरा." संमेलनात अहवाल चंद्राने वाचला.

मार्च अखेरीस नववीने आपण होऊन ठराव आणला, सर हवेत की नकोत. बाळूसुद्धा अनुमोदनाला उभा राहिला. दोन डबे मांडले. ज्याच्याविषयी ठराव, त्याने बाहेर थांबायचं, म्हणून सर व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. निकाल लागला: हवेत, एक्केचाळीस. नकोत, एक.

सरांनी वर्गाला सांगितलं, "एक मत विरुद्ध आहे, म्हणजे कुणी कुणाला भ्यालेलं नाही. वर्ग तयार झाला." ते खरंच खूश दिसले. कमिटीने ठरावाची दखल घेतली नाही.

त्या संध्याकाळी सरांचा भात करपला. कुडापलीकडून आवाज आला, "कुणाचं असेल हो ते?"

"मुलं बेचाळीसच आहेत. एकेकाला विचारा."

"मतदान गुप्त असतं," सर तुटकपणे म्हणाले. करपलेलं पातेलं खरवडून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "पण त्या पोराचं माझ्याकडून काहीतरी राहिलंय. ते दिल्याशिवाय जाऊ कसा?"

एकाला विचारावं तर गुप्तता मोडते. म्हणून सरांनी बेचाळीसही घरं गाठायचं ठरवलं. एप्रिलभर ते चालत होते. काही वेळा मी बरोबर होतो. प्रत्येक घरी प्रश्न एकच: "माझ्याकडून तुझं काही राहिलं का?" एकजण म्हणाला, मला वर्षात एकदाही प्रश्न विचारला नाहीत. एकीला कराचा धडा कळला नव्हता. सरांनी तिला तो ओट्यावर बसून शिकवला.

तात्यासाहेबांच्या वाड्यावरही गेले. ते म्हणाले, "आलात का शेवटी हात जोडायला?"

"नाही. बाळूकडे आलोय."

बाळू बाहेर आला आणि घाईने म्हणाला, "सर, ते मत माजं न्हवतं."

"गप," सर म्हणाले. "सांगायचं नसतं."

शेवटचं घर धनगरवाड्यावर. चंद्रा म्हशींना पाणी दाखवत होती. सरांनी प्रश्न विचारला. तिने बादली खाली ठेवली.

"राहिलं. फळ्यावर माजं नाव तुमी लिवलंत. मला उभं ऱ्हायाचं हाय का, ते इचारलं न्हाई. सगळ्यांची मतं घेतली, माजंच घेतलं न्हाई."

सर दगडावर बसले. वर्षभर ज्या निकालासाठी ते कमिटीशी भांडले, त्याची पहिली पायरी, उमेदवाराची संमती, त्यांनी स्वतःच गाळली होती.

"मग आता विचारतो. व्हायचं होतं का तुला?"

"तवा न्हवतं," चंद्रा म्हणाली. "आता कुणी काडून दाखवावं."

सर हसले. तिने बादली उचलली, दोन पावलं गेली आणि वळली.

"आन तुमाला हितनं जायाचं हाय का, ते इचारलं का कुणी?"

"नाही."

"मग मी इचारते."

ज्या माणसाने कमिटीला दोन शब्दांत उत्तर दिलं होतं, त्याने आधी हात वर केला.

"नाही जायचं, चंद्रा," सर म्हणाले.