चित्र फिरवू नये

शोधपत्रिकेच्या संपादकांचं पत्र दोनच ओळींचं होतं. ‘तुमचं चित्र धूसर आहे. पाच वाजेपर्यंत मोठं, स्पष्ट चित्र न आल्यास लेख परत.’ लेख परत म्हणजे पदवी परत, आणि पदवी परत म्हणजे सात वर्षं पाण्यात. विद्यार्थिनीनं खुर्ची पुढे ओढली.

चित्रात एक प्रथिन होतं, बटाट्यासारखं ओबडधोबड. त्याच्या अंगात एक खोबण आणि खोबणीत औषधाचा इवलासा रेणू. तो तिथे गच्च बसतो म्हणून औषध लागू पडतं, हा प्रयोगशाळेचा सिद्धान्त. सरांनी वीस वर्षांपूर्वी ज्या कोनातून हे चित्र लावलं, त्याच कोनातून तिच्याआधीचे चार विद्यार्थी डॉक्टर झाले होते. पडद्याच्या कडेला सरांच्या हातची, पिवळी पडलेली चिठ्ठी होती : ‘चित्र फिरवू नये.’

दुपारी बारा वाजता तिनं रुंदीच्या रकान्यात आठ हजार ठिपके टाकले, प्रकाश-सावलीसमोर खूण केली आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. संगणकाचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला.

दीड वाजता आईचा फोन. “झालं का गं?”

“साठ टक्के.”

“एका फोटोला दीड तास? अगं, पासपोर्टचा पाच मिनिटांत मिळतो.”

“आई, यात प्रत्येक अणूवर उजेड कसा पडेल ते मोजतात.”

“सात वर्षांत पाडला नाहीस तो उजेड आज पडणार?”

दोन वाजता सर डोकावले. “काळाच दिसतोय की! बंद पडला वाटतं,” म्हणत त्यांनी माऊसवर दोन टिचक्या मारल्या. ऐंशीवर आलेलं काम शून्यावर गेलं.

“सर!”

“मी काय केलं? नुसतं विचारलं.”

पुन्हा श्रीगणेशा. प्रायश्चित्त म्हणून सर शेजारी बसले आणि चौथ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधानं संगणकाला वारा घालू लागले. बांधून आल्यापासून तो प्रबंध प्रथमच कुणाच्या उपयोगी पडत होता.

साडेचारला चित्र उमटलं. एकेक अणू उचलून घ्यावा इतकं स्पष्ट. आणि औषधाच्या रेणूची सावली प्रथिनावर पडली होती. खोबणीत नव्हे, चांगली लांब, पार दुसऱ्या टोकाला. आत बसलेल्याची सावली इतकी दूर जात नाही, अधांतरी लटकणाऱ्याची जाते.

“सर, हा आत नाहीये. समोर नुसता तरंगतोय.”

सर वारा घालायचे थांबले. बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं.

“फिरवून बघू?”

“नको.” त्यांनी प्रबंध खाली ठेवला. “सावली बंद कर.”

“पण सर...”

“सात वर्षं तुझी आहेत. वीस माझी आहेत. बंद कर.”

बिनसावलीचं चित्र तीन मिनिटांत तयार झालं. सावली नसली की कामं भराभर होतात. तिनं ते पाठवलं आणि दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिले.

पाचला दोन मिनिटं असताना उत्तर आलं. ‘अप्रतिम! मुखपृष्ठावर घेत आहोत. फक्त शीर्षकाला जागा हवी आहे, तेव्हा हेच चित्र जरा बाजूनं फिरवून पाठवाल का?’

विद्यार्थिनीनं पडद्यावरची चिठ्ठी हळूच सोलून काढली. सरांनी चष्मा काढला, स्वच्छ पुसला. घातला मात्र नाही.