अंगठ्याचा गिलावा

म्हाताऱ्या गवंड्याचा अंगठा पेन्शन कचेरीतल्या यंत्राला ओळखू येईना. चाळीस वर्षं सिमेंट कालवून रेषा झिजलेल्या, वर भेगा. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाबा, महिनाअखेरपर्यंत तुमच्या हयातीची नोंद झाली नाही, तर कागदावर तुम्ही वारलात."

बायकोने मनावर घेतलं. मधमाश्यांचं मेण, तिळाचं तेल आणि कोको बटर मंद आचेवर वितळवून तिने डबी भरली. "कातडी मऊ झाली की रेषा वर येतात. जरासंच घ्या आणि चोळून जिरवा," तिने बजावलं. आठवडाभरात अंगठा बाळाच्या गालासारखा झाला.

शेवटच्या दिवशी दोघं रांगेत उभी असताना गवंड्याला अंगठ्यावर एक बारीक भेग दिसली. भेग दिसली की बुजवायची, हे त्याच्या हाडामांसात भिनलेलं. त्याने डबीतलं मेण नखाने खरवडून भेगेत भरलं, बसच्या तिकिटाने घासून सपाट केलं, वर आणखी एक थर दिला आणि मग अंगठा टेकवला.

लाल दिवा.

"रेषा कुठं गेल्या?" कारकून चक्रावला.

"गिलाव्याखाली!" बायको कडाडली. "अहो, अंगठा आहे तो, भिंत नाही!"

तोवर यंत्राची काच मेणाने माखली होती. मागच्या निवृत्त नर्सबाईंनी अंगठा ठेवला; लाल. त्यांच्या मागच्या मास्तरांनी ठेवला, लाल. "एका डबीत अख्खी रांग गेली की हो!" मास्तर म्हणाले. कारकुनाने रुमालाने पुसलं, तर मेण आणखीच पसरलं.

"सरका," म्हणत बायकोने चहावाल्याकडून गरम पाणी आणि साबण आणला. लहान पोराचे धुवावेत तसे नवऱ्याचे हात धुतले, काच लख्ख केली. "रोज भांडते यांच्याशी. मेलेल्या माणसाशी कोण एवढं भांडेल? लावा पुन्हा!"

हिरवा दिवा! रांगेने टाळ्या वाजवल्या. गवंडी आपला अंगठा नव्या घरासारखा निरखत राहिला.

कारकुनाने हळूच डबी मागून घेतली. "कागद चाळून माझीही बोटं फाटलीत हो." आणि सढळ हाताने चोपडलं.

जेवणाच्या सुट्टीत तो दारातल्या हजेरीच्या यंत्रापाशी गेला. लाल. पुसून लावला, पुन्हा लाल.

बाकावर डबा खात बसलेल्या गवंड्याचा घास हातातच राहिला.

"साहेब," तो मायेने म्हणाला, "घरून वहिनींना बोलावून घ्या. हे काम एकट्याचं नाही."