बारा कॅन फिनाईल

ऑपरेटर जेवून सांडपाणी केंद्रावर परतला आणि दारातच थबकला. रोजचा वास गायब. त्याऐवजी दवाखान्यासारखा घमघमाट सुटला होता. मोठ्या टाकीच्या कठड्यावर फिनाईलचे रिकामे कॅन आणि बाजूला झाडू घेऊन उभे त्याचे सासरे. हेच केंद्र चालवणाऱ्या गावसमितीचे अध्यक्ष.

"बघा जावईबापू, कशी लख्ख झाली. उद्या तपासणी, आणि तुम्ही टाकी तशीच टाकून जेवायला जाता."

"किती ओतलंत?"

"बारा कॅन. हात आखडता नाही घेतला."

ऑपरेटर धावत कठड्यापाशी गेला. किनाऱ्यावरच्या या गावाचं सगळं सांडपाणी त्या टाकीत यायचं. तिथला तपकिरी गाळ त्यातली घाण खायचा, मगच पाणी समुद्रात जायचं. गाळ म्हणजे जिवंत जंतू. सहा महिने त्याने ते पोटच्या पोरांसारखे वाढवले होते. उद्या टाकीतल्या पाण्याचा नमुना पास झाला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि घरही सासऱ्यांचंच.

"बाबा, सगळे जंतू मेले."

"मग? जंतू मारायलाच तर केंद्र बांधलं."

"मी पाटी लावली होती ना, टाकीत काहीही टाकू नये म्हणून?"

"मळली होती. तीही काढली."

खुर्ची मिळाली की माणसाला सगळंच कळायला लागतं, त्याला इलाज नाही. ऑपरेटरने बायकोला फोन केला. ती म्हणाली, "या वयात बाबा झाडू घेऊन राबले आणि तुम्ही त्यांनाच बोलताय?" त्याने फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत टाकीतलं पाणी दुधासारखं झालं आणि किनाऱ्यावर पांढरा फेस जमला. सासरे फेस बघून आले. "पाणी साबणाने धुतल्यासारखं दिसतंय," म्हणाले, आणि खूश होऊन झोपले. ऑपरेटरने शेजारच्या गावच्या केंद्रातून टँकरभर जिवंत गाळ मागवला.

सकाळी तो टँकर नेमका तपासणीच्या मॅडमच्या गाडीमागोमाग फाटकातून आत शिरला. मॅडमनी टाकीत डोकावून नाक दाबलं.

"इथे फिनाईल कुणी टाकलं?"

ऑपरेटरने तोंड उघडलं, तेवढ्यात सासरे पुढे सरसावले. "मी. हे आमचे जावई, पण यांचा नेहमी विरोधच. गेल्या आठवड्यातही विचारलं तर नाही म्हणाले, वर पाटी लावली. मी ती काढून बारा कॅन ओतले. लिहून घ्या, नाहीतर श्रेय उद्या भलताच कुणीतरी घेईल."

मॅडमनी शब्दन् शब्द लिहून घेतला. "इथे सही करा."

सासऱ्यांनी हुद्द्यासकट ठसठशीत सही ठोकली. मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"टाकी पुन्हा जिवंत व्हायला तीन आठवडे लागतील. नमुना तेव्हा घेऊ, ऑपरेटरचा निकालही तेव्हाच. तोवर रोज एक टँकर गाळ टाकायचा, आणि ज्यांनी जंतू मारले त्यांनीच टँकरचा पाइप धरायचा. समितीला तसं पत्र जाईल."

दुसऱ्या दिवसापासून अध्यक्ष पांढऱ्या सदऱ्यावर रबरी बूट चढवून कठड्यावर पाइप धरून उभे राहू लागले. एकदा पाइप निसटला आणि गाळ थेट सदऱ्यावर आला.

"जरा सावकाश, बाबा," खालून ऑपरेटर म्हणाला. "लहान आहेत ते अजून."